सही करता येतेय तोवर: आईच्या देखभालीचा पैसा कसा उभा करावा

माझ्या आईला पार्किन्सन्स आहे. दिवसा मावशी असतात, रात्री मी. हॉस्पिटलचं बिल विम्यातून निघतं. पण मावशींचा पगार, डायपर, फिजिओ, भाड्याचा पलंग यातलं काहीच त्यात बसत नाही. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न ठेवता मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड जरूर काढा, पण त्यातले वर्षाचे 5 लाख दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी असतात. घरच्या देखभालीचा पैसा वेगळाच उभा करावा लागतो, तोही वर्षानुवर्षं पुरेल असा.

सगळ्यात आधी बँक. मुखत्यारपत्र केलं म्हणजे झालं, असं खूप जण धरून चालतात. आपल्या करार कायद्यानुसार ज्याने ते दिलं त्याचं भान हरपलं की मुखत्यारपत्रही संपतं, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी. मग पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी. म्हणून आई स्वतः बोलू-समजू शकते तोवर तिच्या खात्यात तुमचं नाव 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणा एकाच्या सहीने व्यवहार चालतो) पद्धतीने घालून घ्या, वारस नोंदवा. एफडी मुदतीआधी मोडायची तर कोणाच्या सह्या लागतील, हे त्याच भेटीत विचारा.

पार्किन्सन्समध्ये सही बारीक बारीक होत जाते, शेवटची अक्षरं एकमेकांत शिरतात आणि काउंटरवर 'सही जुळत नाही' ऐकावं लागतं. अशा वेळी अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचाच जबाबदार माणूस. हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो शाखेत ठामपणे सांगा.

आता खर्च. पहिला पैसा आईचा स्वतःचा वापरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तो तिने म्हातारपणासाठीच साठवला. वारसांसाठी राखून तिची आबाळ करण्यात अर्थ नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. 8.2 टक्के दराने 15 लाखांवर दर तिमाहीला 30,750 रुपये खात्यात येतात, आणि उघडताना लागलेला दर 5 वर्षं बदलत नाही. व्याज तिमाहीला, पगार मात्र महिन्याला; म्हणून थोडी रक्कम पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत असावी. केंद्र सरकारची पेन्शन किंवा फॅमिली पेन्शन असेल तर वयाची 80 पूर्ण होताच मूळ पेन्शनवर 20 टक्के वाढ मिळते. ती लागली का, हे पासबुकात बघा. जन्मतारखेच्या नोंदीत घोळ असेल तर ती अडकून राहते.

मावशींचा पगार वर्षाला 12 नव्हे, 13 महिन्यांचा धरा. दिवाळीचा बोनस असतो, त्या गावाला गेल्या की बदली बाईचा रोज जास्त असतो, आणि ब्यूरोतून आणल्या असतील तर ब्यूरोचं कमिशन वेगळं. पगार खात्यातूनच द्या. भावंडांना हिशेब दाखवता येतो.

भावंडांशी एकदा बसून बोलाच. प्रत्येकाने किती टाकायचे ते ठरवताना जो घरी राहून करतो त्याची बुडालेली नोकरी, जागलेल्या रात्री याही हिश्श्यात धरा. परगावच्या भावाने पैसे पाठवले की त्याचं काम संपलं असं होऊ नये. वर्षातून काही आठवडे त्याने येऊन राहावं, हेही तेव्हाच ठरवा.

करात सवलत आहे, पण जुन्या करप्रणालीत. विमा नसलेल्या ज्येष्ठ आईवडिलांच्या औषधोपचारावर 50,000 पर्यंत वजावट मिळते, रोखीने दिलेले मात्र धरत नाहीत.

उरलं घर. बक्षीसपत्राची घाई करू नका. करायचंच ठरलं तर सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली, सांभाळ झाला नाही तर ते रद्द करून मागता येतं. बाकी सगळं आटलं तर रिव्हर्स मॉर्गेज आहे: 60 वर्षांवरच्या मालकाला स्वतःच्या राहत्या घरावर बँक हप्त्याहप्त्याने पैसे देते, हयातीत घर सोडावं लागत नाही आणि त्या पैशांवर आयकर नाही.