फायलींच्या कामाला स्क्रिप्ट लावताय? या चुका टाळा

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास डीटीपी, छपाई, फोटो असली कामं करणारे माझे दहा-बारा परिचित आहेत. दर दोन-तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी कोणाला तरी साक्षात्कार होतो. ‘पाचशे फायलींची नावं हाताने कशाला बदलायची? चार ओळींच्या स्क्रिप्टमध्ये होतं!’ होतंच. चार ओळींत पाचशे फायली उडतातही, आणि मग रात्री साडेदहाला मला फोन येतो.

पहिली चूक माझीच सांगतो, म्हणजे पुढे बोलायला तोंड राहील. मे महिना होता, मुंजींचा हंगाम. एका फोटोग्राफर मित्राला गिऱ्हाइकाने निवडलेले ४१२ फोटो ‘निवडक’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवायचे होते. क्रमांकांची यादी तयार होती, मी लूप (यादीतल्या प्रत्येक फाइलवर तीच आज्ञा फिरवणाऱ्या ओळी) लिहून दिला. सुरुवातीला फोल्डर तयार करणारी एमकेडीआयआरची ओळ होती. पण दुपारी चाचणी घेताना ‘फोल्डर आधीच आहे’ अशी तिची कुरकुर चालली होती, म्हणून मीच तिच्यापुढे हॅश (#) लावून तिला गप्प केलं, म्हणजे ती ओळ चालतच नाही. नंतर चाचणीचं फोल्डर पुसलं. हॅश तसाच राहिला. संध्याकाळी त्याची डिस्क जोडली, एंटर मारला, काही सेकंदांत खेळ संपला. एरर एकही नाही.

फाइल हलवणाऱ्या एमव्ही या आज्ञेचं असं आहे की शेवटी दिलेलं नाव फोल्डरचं असेल तर फाइल त्यात जाते. तसं फोल्डरच नसेल तर ते फाइलचं नवं नाव समजलं जातं. पहिल्या फोटोचं नाव ‘निवडक’ झालं. दुसऱ्याचंही ‘निवडक’ झालं, पहिल्याच्या छाताडावर बसून. असं शेवटपर्यंत.

रात्री मित्राचा फोन. “अरे, ते निवडक उघडतच नाहीये. कशाने उघडू, असं विचारतंय.”

“फोल्डर आहे ना ते.”

“फोल्डर कुठला? साडेसात एमबीची एक फाइल आहे.”

स्कूटर काढली. त्या फाइलच्या नावापुढे डॉट जेपीजी लावून बघितलं, तर पंगतीत मठ्ठ्याची बादली घेऊन उभा असलेला वाढपी, तोही डोळे मिटलेला. मातृभोजन, भिक्षावळ, सगळं गेलं आणि हा राहिला, कारण यादीतला शेवटचा क्रमांक त्याचा. (हा निवडक फोटोंत आलाच कसा, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.)

कॅमेऱ्याचं कार्ड दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी फॉरमॅट करून झालं होतं. डिस्क जुनी, फिरत्या तबकडीची होती आणि तिच्यावर नंतर काही लिहिलं गेलं नव्हतं, एवढंच नशीब. फोटोरेक हे पुसलेल्या फायली शोधून काढणारं सॉफ्टवेअर चालवलं. ते फायलींच्या यादीकडे बघतच नाही, थेट डिस्कवर जेपीजीच्या सुरुवातीच्या खुणा शोधत जातं. म्हणून फोटो मिळतात, नावं मिळत नाहीत. जुने पुसलेले हजारो फोटोही सोबत वर आले. कॅमेऱ्याने प्रत्येक फोटोत नोंदवलेल्या तारीख-वेळेवरून एक्झिफटूलने मुंज वेगळी काढली, तोवर पहाटेचे चार वाजले. ४०३ मिळाले. उरलेल्या नऊंबद्दल मित्राने गिऱ्हाइकाला काय सांगितलं, ते मी विचारलेलं नाही. डिस्क एसएसडी, म्हणजे चिपवाली, असती, तर रिकामी झालेली जागा ट्रिम या सफाईच्या आज्ञेने बहुधा केव्हाच साफ केली असती आणि मला पहाटेपर्यंत जागायचंही कारण उरलं नसतं.

तेव्हापासून फोल्डरच्या नावामागे मी स्लॅश लावतोच. ‘निवडक/’ असं लिहिलं आणि फोल्डर नसेल, तर एमव्ही हटून बसतं. जोडीला मायनस एन, म्हणजे आधीच्या फाइलवर दुसरी चढत नाही. तिसरी सवय इकोची: लूपमधल्या एमव्हीच्या आधी इको घालतो, म्हणजे काम न होता आज्ञा नुसत्या पडद्यावर उमटतात. त्या वाचायच्या, मग इको काढायचा. खरं सांगायचं तर वरची चूक इकोने पकडली नसती, ती स्लॅशनेच पकडली असती. म्हणून दोन्ही. आणि हल्ली मी हलवतच नाही. सीपीने नक्कल करतो, दोन्हीकडच्या फायली मोजतो, मूळ फायली आठवडाभराने पुसतो. ‘डबल जागा लागते हो,’ असं म्हणणाऱ्याला मी वाढप्याचा फोटो दाखवतो.

दुसरी चूक नावांतल्या मोकळ्या जागेची. व्हेरिएबलला (ज्यात फाइलचं नाव धरून ठेवलंय त्याला) दुहेरी अवतरणचिन्हं लावली नाहीत, तर ‘हिशोब जुना’ ही शेलच्या, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, लेखी एक फाइल नसून ‘हिशोब’ आणि ‘जुना’ अशा दोन असतात. फाइल पुसणारं आरएम चालवलं आणि शेजारी ‘हिशोब’ नावाची चालू वर्षाची फाइल असली, की जुना हिशोब सुखरूप आणि चालू हिशोब स्वर्गात. नवशिके फायलींची यादी दाखवणाऱ्या एलएसच्या उत्तरावर लूप फिरवतात तेव्हा नेमकं हेच होतं. एलएस माणसाने वाचायला आहे. लूपला सरळ तारका (*, म्हणजे सगळ्या फायली) द्या आणि व्हेरिएबल अवतरणात ठेवा. आणि आज्ञा व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवू नका. तिथे दोन तारकांमधला मजकूर ठळक होतो नि तारका दिसेनाशा होतात. आयफोनवर टाइप केलेली अवतरणचिन्हं वळणदार होऊन येतात, आणि शेल ती ओळखत नाही.

मराठी नावांचा एक खास आजार आहे, तो इंग्रजी व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना कोणी सांगत नाही. एका संस्थेच्या सभासदांच्या पीडीएफ नावानुसार लावायच्या होत्या. स्क्रिप्ट म्हणे ‘कऱ्हाडे’ नावाची फाइल नाही. फाइल डोळ्यांसमोर! गोम त्या ‘ऱ’मध्ये होती. तो एकसंध अक्षर म्हणून लिहिता येतो, ‘र’खाली नुक्ता देऊन लिहिता येतो, आणि ‘ऱ्ह’सारख्या जोडाक्षरात हलन्त ‘र’नंतर न दिसणारं जोडचिन्ह घालूनही तोच आकार उमटतो. डोळ्याला तिन्ही सारखे, संगणकाला तीन वेगळी नावं. जुन्या मॅकच्या डिस्का तर नावं स्वतःहून सुटी करून साठवायच्या. एनएफसी या युनिकोडच्या एकसंध रूपात आणलं की पहिली दोन जुळतात. तिसरं हाताने बदलावं लागतं. मी आता फाइलला सभासद क्रमांक देतो आणि नाव यादीत ठेवतो. तोही १, २, ३ असा नाही, ००१, ००२. नाहीतर १० हा २च्या आधी येऊन बसतो.

बाकीच्या चुकांना एकेक ओळ पुरे. विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिलेली बॅश स्क्रिप्ट लिनक्सवर ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणाली, तर ओळीच्या शेवटी जास्तीचं सीआर चिन्ह आहे. डॉसटूयुनिक्स चालवा, माझ्याकडे स्क्रीनशॉट पाठवू नका. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत, म्हणजे क्रॉनटॅबमध्ये, टक्केचिन्ह म्हणजे नवी ओळ, तेव्हा तारीख घालताना प्रत्येक टक्केचिन्हाच्या आधी उलटा स्लॅश हवा. क्रॉन चुकलेलं काम नंतर भरून काढत नाही. गुरुवारी लाइट गेली की त्या दिवशीचा बॅकअपही गेला. मशीन रोज बंद होत असेल तर अ‍ॅनाक्रॉन घ्या. एका फोल्डरसारखं दुसरं करून देणाऱ्या आरसिंकला डिलीट सांगताना कुठून आणि कुठे यांची अदलाबदल केलीत, तर रिकाम्या डिस्कची हुबेहूब प्रत मिळेल. मायनस एन लावून आधी बघा. इथे त्याचा अर्थ कोरडी चाचणी.

रिकाम्या व्हेरिएबलला मात्र एका ओळीत सोडवत नाही. आरएम मायनस आरएफ (न विचारता सगळं पुसा), पुढे व्हेरिएबल, स्लॅश आणि तारका असं लिहिलं आणि व्हेरिएबल रिकामं निघालं, तर उरतो स्लॅश-तारका, म्हणजे अख्खा संगणक. हे नवशिक्यांनाच होतं असं नाही. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेमच्या दुकानाच्या स्क्रिप्टमध्ये हीच चूक उघड झाली आणि लोकांच्या फायली गेल्या. ‘सेट मायनस यू’ पहिल्या ओळीत लिहिलं की न ठरवलेल्या व्हेरिएबलवर स्क्रिप्ट थांबते. ठरवलेलं पण रिकामं असेल तर तेही पुरत नाही, तिथे महिरपी कंसात व्हेरिएबलच्या नावापुढे कोलन आणि प्रश्नचिन्ह लावा (‘:?’).

परवाचाच फोन सांगतो. विंडोजवरची एक निमंत्रणपत्रिका लिनक्सच्या डिस्कवर कॉपी होईना, नाव फार लांब म्हणे. तिथे नावाला २५५ बाइट्सची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, तीन बाइट्स खातं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोज चिन्हं मोजतं, त्यामुळे तिथे खपून गेलं होतं. गिऱ्हाइकाने फाइलच्या नावातच दोन्ही घरची मंडळी, तिथी आणि कार्यालयाचा पत्ता घातला होता. ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ एवढं कापलं, तेव्हा गेली.