राई वाचवायला निघालात? आधी या चुका टाळा

दरवर्षी पाऊस थांबला की ऑक्टोबरपासून फोन सुरू होतात. "ताई, आमच्या वरच्या रानात मशीन लागलंय." आणि दरवर्षी त्याच चुका, त्याच क्रमाने. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत राया-रानांची तोड थांबवायचं काम करताना मी स्वतःही यातल्या बऱ्याच केल्यात आणि त्यांची किंमत झाडांनी मोजलीय, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते.

जमीन कोणाची हे न बघता तक्रार करणं

सगळ्यात जास्त नुकसान या एका चुकीने होतं. लोकांना वाटतं जंगल म्हणजे फॉरेस्टचं. कोकणात तसं नाहीये, रत्नागिरीत तर सरकारी वन नावापुरतंच आहे, बाकी सगळं मालकी. देवराईचं तर आणखीनच अवघड, गावाला वाटतं देवाची, सातबाऱ्यावर कुठे देवस्थान, कुठे सरकार, कुठे पंधरा-वीस जणांचं सामाईक नाव. आंबोली, चौकुळ, गेळे या गावांत कबुलायतदार गावकर जमिनीचा, म्हणजे संस्थानकाळी गावकऱ्यांना करारावर दिलेल्या सामाईक जमिनीचा गुंता तर पिढ्यान्‌पिढ्या चाललाय. आणि जमीन कोणाची यावर कायदा बदलतो, साहेब बदलतो, तक्रारीचा मजकूर बदलतो.

एका गावाचं सांगते, नाव नको. एप्रिल महिना, शनिवारी संध्याकाळी फोन आला की राईत चेनसॉचा आवाज येतोय. तिथली चार-पाच तरुण मुलं आदल्या दिवसापासून धावपळ करत होती, पण त्यांनी काय केलं, आधी व्हिडिओ टाकला आणि सोमवारी तहसीलला अर्ज दिला, "आमच्या गावची देवराई तोडत आहेत, त्वरित कारवाई करावी." गट नंबर नाही, झाडांची नावं नाहीत, किती तुटली ते नाही. तहसीलने अर्ज वनविभागाकडे पाठवला. तिथून उत्तर आलं की क्षेत्र मालकी आहे, गट नंबर कळवा. मुलं तलाठ्याकडे गेली, तो दोन गावांचा चार्ज सांभाळत होता, भेटला तिसऱ्या दिवशी. असं करता करता अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी मी सातबारा आणि गट नकाशा समोर घेऊन बसले तेव्हा कळलं की राई दोन गटांत आहे. एक गट देवस्थानच्या नावावर, दुसरा एकोणीस जणांच्या सामाईक नावावर. परवानगी होती ती सामाईक गटातल्या बारा झाडांची, ऐन आणि किंजळ, तीसुद्धा चारच जणांच्या सह्यांवर. आणि तोड सरकत सरकत देवस्थानच्या गटात गेली होती, जिथे एका झाडाचीही परवानगी नव्हती! म्हणजे पहिल्याच दिवशी "गट नंबर अमुक, देवस्थान, विनापरवाना तोड" एवढी एक ओळ लिहिली असती तर मशीन त्याच दिवशी थांबलं असतं. आम्ही गेलो तोवर खुंटांवर पालापाचोळा टाकून जाळलेलं. मुलांनी पहिल्या दिवशी मोजलेले त्रेचाळीस, पंचनाम्यात आले नऊ. त्रेचाळीसचा पुरावा कोणाकडेच नव्हता, व्हिडिओत फक्त आवाज, हिरवळ आणि रडणारा मुलगा.

आता माझी सवय अशी आहे की फोन आला की आधी गट नंबर विचारते. माहीत नसेल तर लगतच्या शेतकऱ्याचं नाव विचारते, त्याचा गट मिळाला की नकाशावर शेजारचा दिसतोच. महाभूलेखवर सातबारा घरबसल्या निघतो, इतर हक्काचा रकाना नीट वाचायचा, तिथे खाजगी वन, देवस्थान किंवा भारतीय वन कायद्याच्या कलम 35 चा (खाजगी वनाच्या नोटिशीचा) जुना शेरा असेल तर बाजी तिथेच पलटते. खाजगी वन संपादन कायदा 1975 चा आहे, पण शेरे अजून जिवंत आहेत. शिवाय 12 डिसेंबर 1996 चा गोदावर्मन खटल्यातला सुप्रीम कोर्टाचा आदेश लक्षात ठेवा, जंगल शब्दाच्या साध्या अर्थाने जे जंगल आहे ते मालकी कोणाचीही असली तरी वन कायद्याच्या कक्षेत येतं.

मग 1926 ला फोन, ती वनविभागाची हॅलो फॉरेस्ट लाइन आहे, तक्रार नंबर लिहून घ्यायचा. त्याच दिवशी लेखी अर्ज आरएफओला (वनक्षेत्रपालाला), प्रत उपवनसंरक्षकांना आणि तहसीलदारांना, आणि तिन्हीकडून पोच. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजा.

आणि रानात जाताना खडू आणि सुतळी. मी सुतळीला दर फुटावर गाठ मारून ठेवलीय, खुंटाभोवती फिरवली की घेर कळतो. खुंटावर खडूने नंबर टाकायचा, सुतळी तशीच ठेवून वरून एक फोटो, मग दोन पावलं मागे येऊन शेजारचं उभं झाड दिसेल असा दुसरा, मोबाइलचं लोकेशन चालू ठेवून. करवतीचा भुसा ओला आहे का ते बोटाने बघा आणि लिहा. वहीत नंबर, जात, घेर, तारीख. त्रेचाळीस खुंटांना दीड तास लागतो, फार नाही. तेवढा दीड तास द्यायला नवीन मुलं तयार नसतात, त्यांना आधी रील टाकायचा असतो आणि याचा मला मनापासून राग येतो, कारण रील बघून ठेकेदार सावध होतो आणि रात्रीत खुंट जाळतो. आधी पोच, मग पोस्ट.

"संरक्षित झाड" असं सरसकट लिहिणं

1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्यात झाडांची यादी आहे. हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ असे प्रकार. सुरंगी, सातवीण, उंडी त्यात नाहीत. शंभर वर्षांची सातवीण पडली तरी या कायद्याने "झाड" पडलेलं नसतं, हे ऐकून मला अजून त्रास होतो, पण अर्ज लिहिताना यादीतलीच झाडं पुढे करा. आणि शहरातला पन्नास वर्षांचा हेरिटेज वृक्षाचा नियम खेड्यातल्या अर्जात घालू नका, तो शहरी भागाच्या 1975 च्या कायद्यातला, 2021 ची दुरुस्ती आहे.

मालकाला खलनायक करणं

ही चूक आम्हीच केली होती, आणि हिच्याबद्दल लिहिताना हात जड होतो.

एका मालकी रानात जुने बेहडे होते, त्यातल्या एकावर धनेश पक्ष्याची ढोली, म्हणजे खोडातल्या पोकळीतलं घरटं. मादी फेब्रुवारीच्या सुमारास आत जाते, दार लिंपून घेते, बोटभर चीर ठेवते आणि नर त्या चिरीतून तिला फळं भरवतो, महिनोन्‌महिने. झाडाखाली बियांचा सडा पडतो आणि त्यातून कसली कसली रोपं वर आलेली असतात, ढोली ओळखायची ती खाली बघून. रान ठेकेदाराला ठोक दिलंय असं कळलं तसे आम्ही दोन गाड्या भरून माणसं घेऊन गेलो, अर्धी मुंबईची, हातात फलक, मोबाइल वर. मालक म्हातारा, अंगणात सुपाऱ्या सोलत बसलेला. आमच्यातल्या एकाने त्याला कॅमेऱ्यासमोर विचारलं, "तुम्हाला लाज वाटत नाही का?"

तो उठला, पंचाला हात पुसले आणि मला म्हणाला, "बाय, तुमका झाडां दिसतत, माका चेडवाचा लगीन दिसता." चेडू म्हणजे मुलगी.

दुसऱ्या आठवड्यात त्याने उरलेलं रानही दिलं. बेहडासुद्धा. त्याच ठेकेदाराला.

पुढे वर्षभराने मी एकटी जाऊन बसले त्याच्याकडे, चहा झाला, तेव्हा कळलं की ठेकेदाराकडून त्याने आधीच ॲडव्हान्स उचलला होता आणि परत करायला पैसे नव्हते. म्हणजे प्रश्न त्या ॲडव्हान्सचा होता. दोन गाड्यांचं डिझेल, फलक, जेवणं यावर आम्ही जो खर्च केला तो बघितला तर निदान ढोलीच्या झाडापुरता मार्ग निघाला असता. कोणी विचारलंच नाही त्याला.

आता मी कॅमेऱ्याशिवाय जाते, गावातल्या मानकऱ्याला किंवा गुरवाला सोबत घेऊन जाते, आणि पहिल्या भेटीत झाडाचा विषयही काढत नाही. ॲडव्हान्स किती, कधी घेतला, घरात अडचण काय, हिस्सेदार किती आणि सगळ्यांची संमती आहे का, एवढं कळलं की वाट दिसते. बऱ्याचदा मुंबईला असलेल्या एखाद्या हिस्सेदाराला पत्ताच नसतो, तो नाही म्हणाला की परवानगीच अडते. उभ्या झाडातून पैसे मिळवायचे रस्तेही आहेत. संगमेश्वर भागात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने बेहड्याची फळं गोळा करून चांगल्या भावाने विकायची व्यवस्था लावली, त्यामुळे मोठे बेहडे राखले गेले आणि धनेशाला ढोल्या राहिल्या. वेळ लागतो याला, वर्षं लागतात.

झाडाला मिठी मारायचे फोटो काढणाऱ्यांना एकच सांगते. 1974 ला चिपको आंदोलनात उत्तराखंडातल्या रेणीत गौरा देवी आणि बाकीच्या बाया उभ्या राहिल्या त्या त्याच गावच्या होत्या. 1983 ला कर्नाटकात सिरसीजवळ सळकणीत अप्पिको, म्हणजे तिकडचं चिपको झालं तेही तिथल्याच माणसांनी केलं. दोडामार्गातली हेवाळे-बांबर्डेची रानजायफळाची पाणथळ राई आज जैवविविधता वारसा स्थळ आहे, पण सरकारी कागद यायच्या कितीतरी आधीपासून ती गावाने देवाची म्हणून राखली होती. बाहेरच्या माणसाने मागे उभं राहायचं, कागद सांभाळायचे.

बाकीच्या, थोडक्यात

एनजीटीत, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादात घाईने जाणं. एनजीटी 1964 चा वृक्षतोड कायदा बघत नाही, वन्यजीव कायदाही नाही. वन संरक्षण कायदा, पर्यावरण संरक्षण कायदा, जैवविविधता कायदा यात बसवता आलं तरच जा, आणि कलम 14 ची मुदत सहा महिने आहे, ती पहिल्या दिवसापासून मोजतात. वकिलाकडे सातव्या महिन्यात येणारे खूप.

माहिती अधिकारात गोष्ट लिहिणं. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द. "जंगलतोडीची सर्व माहिती द्या" असं मागितलं की काहीच मिळत नाही. "गट नंबर अमुकमधील तोड परवानगीची प्रत, झाडांची यादी, वाहतूक पासच्या प्रती" इतकंच मागा. त्याहून सरळ म्हणजे फाइल समक्ष बघायला मागा, तो हक्क आहेच.

आकडा फुगवणं. पन्नासचे पाचशे केलेत तर पंचनाम्यात पन्नास निघतात आणि तुम्ही खोटे ठरता, खऱ्या पन्नासांसकट.

ट्रक अडवणं. करू नका, खरंच. गुन्हा तुमच्यावर दाखल होतो आणि लाकूड जातंच. नंबर, वेळ, कुठल्या दिशेने गेला ते टिपा आणि 1926 ला आणि पोलिसांना कळवा, पास तपासायचा अधिकार त्यांचा.

"एकाच्या बदल्यात दहा रोपं" यावर सही करणं. ढोली पडायला झाडाला किती वर्षं लागतात ते धनेशाला विचारा. रोपं लावायची तर लावा, पण तडजोड म्हणून नाही.

ढोलीची नोंद न ठेवणं. वन्यजीव कायद्यात पक्ष्याचं घरटं किंवा अंडी हलवणं हेसुद्धा शिकारीच्या व्याख्येत येतं, त्यामुळे तारखेसकट घरट्याची नोंद वनपालाकडे आधीच दिलेली असेल तर त्या झाडाची परवानगी देताना साहेब दोनदा विचार करतो. तोड सुरू झाल्यावर दाखवलेली ढोली कोणी मानत नाही. म्हणून जानेवारी ते मे, दर पंधरा दिवसांनी एक फेरी, वही घेऊन.

आणि शेवटचं, कोर्टाने बंदी घातलीय म्हणून निर्धास्त राहणं. सावंतवाडी-दोडामार्गात 2013 मध्ये मुंबई हायकोर्टाने वृक्षतोडीवर बंदी घातली, मार्च 2024 मध्ये हा पट्टा इको सेन्सिटिव्ह जाहीर करा असंही सांगितलं, आणि तरी मशीनचे आवाज येतातच, बहुतेक शुक्रवारी संध्याकाळी, पुढे दोन दिवस ऑफिसं बंद म्हणून. आदेशाची प्रत छापून पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये घालून. वर रानात रेंज नसते आणि मोबाइलवरची पीडीएफ कोणी वाचत नाही.