वस्तीतल्या मुलांसाठी शाळेनंतरचा मोफत वर्ग कसा चालवावा

धुणीभांडी करणाऱ्या बाईचं घड्याळ शाळेच्या घड्याळाशी जुळत नाही. महापालिकेची सकाळची शाळा साडेबाराच्या आसपास सुटते. तिची सकाळची घरं दीड-दोनपर्यंत चालतात आणि चार वाजता पुन्हा संध्याकाळची सुरू होतात. ती कामावर असते तेव्हा मूल कुलूप लावलेल्या खोलीत, शेजारच्या आजीच्या ओट्यावर नाहीतर रस्त्यावर असतं. पुण्यातल्या एका वस्तीत आम्ही काही जणी अशा मुलांसाठी वर्ग चालवतो. पहिल्या वर्षी जवळजवळ सगळं चुकलं, म्हणून हे लिहितेय.

१. आधी जवळपास काय आहे ते बघा

नवं काढण्याची घाई करू नका. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी अंगणवाडी असते, पण ती दुपारीच बंद होते. केंद्र सरकारच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवायची तरतूद आहे, सहा महिने ते सहा वर्षं वयासाठी. तुमच्या भागात ते सुरू आहे का, हे अंगणवाडीच्या ताईंना विचारा. नसेल तर पर्यवेक्षिकेकडे लेखी मागणी द्या. पुण्या-मुंबईत डोअर स्टेप स्कूल आणि पुण्यात बांधकामाच्या साइटवर तारा मोबाइल क्रेशेस या संस्था अशा मुलांसाठी काम करतात. तुमच्या वस्तीत कोणी आधीच येत असेल तर त्यांच्या हाताखाली सहा महिने काम करा. खरी पोकळी बहुधा सहा ते चौदाच्या मुलांची असते. ती शाळेत जातात म्हणून पाळणाघरात बसत नाहीत आणि एकटं राहण्याएवढी मोठीही झालेली नसतात.

२. वेळ आयांना विचारून ठरवा

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. आम्ही आमच्या सोयीने पाच ते सहा असा ‘अभ्यासवर्ग’ ठेवला होता. मुलं सहाला सुटायची आणि आई साडेसातला यायची, म्हणजे प्रश्न होता तिथेच. वीस घरी जाऊन फक्त तीन गोष्टी विचारा: कामावर किती वाजता निघता, किती वाजता परत येता, मूल कोणत्या सत्राच्या शाळेत आहे. उत्तरं एका कागदावर आडव्या रेघांनी मांडा, जिथे सगळ्यात जास्त रेघा एकमेकींवर येतात ती तुमच्या वर्गाची वेळ. आमच्याकडे ती साडेतीन ते साडेसात निघाली. “ताई, सातला कुलूप नका लावू, माझं शेवटचं घर सव्वासातला सुटतं,” हे एका बाईने सांगितलं नसतं तर तो अर्धा तास आम्हाला सुचलाच नसता.

आणखी एक. दहा वर्षांची मुलगी कडेवर दीड वर्षाचा भाऊ घेऊन येईल. त्याला दारातून परत पाठवलंत तर ती मुलगी पुन्हा येणार नाही. डहाणूजवळ कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे फार आधी ओळखलं होतं. त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती, म्हणजे धाकट्यासाठी थोरलीची शाळा बुडायला नको. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर त्यांनी कुरणातच शाळा नेली. तेव्हा एका कोपऱ्यात सतरंजी, दोन लाकडी खेळणी आणि धाकट्यांकडे बघायला एक वेगळी बाई, एवढं पहिल्या दिवसापासून हवं.

३. जागा

समाजमंदिर, बुद्धविहार, मंडळाची खोली, नाहीतर सुट्टीनंतर रिकामा होणारा शाळेचा वर्ग. शाळेसाठी मुख्याध्यापकांकडे जा आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या. जागेला संडास आणि पाणी आहे का, हे आधी बघा, रंगरंगोटी नंतर. सोसायटीचं क्लब हाऊस मात्र मी टाळीन. एका सोसायटीने आम्हाला आनंदाने ते दिलं, पण गेटवर रोज नाव लिहून आत सोडायचे. पंधरा दिवसांत निम्मी मुलं गळाली.

४. माणसं

शनिवारी सकाळी येणारे उत्साही स्वयंसेवक चांगलेच असतात, पण वर्ग त्यांच्यावर चालत नाही. वस्तीतलीच बारावी झालेली एखादी मुलगी शोधा आणि तिला दर महिन्याला ठरलेल्या तारखेला मानधन द्या. तिला कोणाचा बाप पिऊन आलाय, कोणाच्या घरी आज चूल पेटली नाही, हे न विचारता कळतं. जमवलेल्या पैशातला मोठा वाटा तिच्या मानधनावर जाऊ द्या. पंचवीस मुलांना दोन ताया आणि धाकट्यांसाठी एक, याहून कमी नको.

प्रत्येकाची, अगदी ओळखीच्या माणसाचीसुद्धा, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या. मुलांबरोबर कोणीही मोठं माणूस एकटं, बंद दाराआड राहणार नाही, हा नियम सगळ्यांना लागू, तुम्हालाही. १०९८ हा बालकांसाठीच्या मदतीचा नंबर भिंतीवर मुलांच्या उंचीवर लिहा आणि तो कशासाठी आहे ते त्यांना सांगा.

५. वही

दोनशे पानी एक वही पुरते. मुलाचं नाव, वय, शाळा, आईचा फोन, ती कोणत्या सोसायटीत कामाला जाते, मुलाला फिट येते का, काही खाल्ल्याने त्रास होतो का. आणि शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: मुलाला न्यायला कोण येऊ शकतं. एकदा एक गृहस्थ “मी हिचा मामा” म्हणत आले. मुलगी त्यांना ओळखत होती, हसलीसुद्धा. वहीत नाव नव्हतं, म्हणून आईला फोन लावला. ती कामावर, फोन पिशवीत. मामा पाऊण तास ओट्यावर बसले, चिडले, पण मुलगी आईबरोबरच गेली. मामा खरेच मामा होते. तरीही पुढच्या वेळी आम्ही हेच करू.

रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला असलं काही मागू नका. जी बाई मूल ठेवायला येते तिला गरज आहे. “दहा रुपये तरी घ्या, फुकटची किंमत राहत नाही,” असं सांगणारे भेटतील. ज्या महिन्यात आईचं एक घर सुटतं, त्या महिन्यात त्या दहा रुपयांच्या लाजेने मूल यायचं थांबतं. तेव्हा मोफत म्हणजे मोफतच.

६. आधी खाऊ, मग अभ्यास

मूल आलं की चपला ओळीत, हात साबणाने धुऊन आणि लगेच खाणं. शाळेतली खिचडी खाऊन चार तास झालेले असतात. माणशी तीस ग्रॅम धरली तर पंचवीस मुलांना पाऊण किलो कोरडी मटकी पुरते. आदल्या दिवशी भिजवा, मोड आले की ती दुपटीहून जास्त होते. एक दिवस उसळ, एक दिवस केळं, एक दिवस गूळ-शेंगदाणे. कडेवरच्यांना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नका, घशात अडकतात; कूट करून द्या. वाढदिवसाचा केक घेऊन फोटो काढायला येणाऱ्यांना नम्रपणे सांगा, केक नको, पाच किलो मटकी द्या, आणि फोटो नको.

त्यानंतर पाऊण तास शाळेचा अभ्यास, त्याहून जास्त नाही. मग लगोरी, कॅरम, सागरगोटे, चित्रं, गोष्ट. ज्याला झोप येतेय त्याला झोपू द्या. ही शिकवणी नाही. मुलाने इथे घरी असल्यासारखं असावं.

७. मे महिना

सुट्टीत दिवसभर मूल घरी आणि शाळेतली खिचडी बंद. विदर्भात तर शाळा जूनच्या अखेरीसच उघडतात. निम्मी मुलं गावी जातात. उरतात ती ज्यांना जायला गाव नाही, किंवा आईला रजा नाही ती. सुट्टीत वर्ग सकाळी घ्या, आठ ते साडेबारा, आणि निघताना पोटभर जेवण द्या. पत्र्याची खोली अकरानंतर भट्टी होते, त्यामुळे स्लॅबची जागा किंवा झाडाखालचा पार बघा. माठ दोन ठेवा, ओआरएसची पाकिटं हाताशी असू द्या.

जूनमध्ये शाळा उघडल्या की कोणाचं सत्र बदललेलं असतं, कोणाच्या आईची घरं. शाळेत नावच न घातलेलं एखादं मूल याच दिवसांत सापडतं. सहा ते चौदा वयाच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळायचा हक्क आहे, तेव्हा त्याला घेऊन स्वतः शाळेत जा. आणि नवा कागद घेऊन पुन्हा वीस घरी जा, त्याच तीन गोष्टी विचारायला.