एकट्याने धंदा आणि छातीतली धडधड: या चुका टाळा

माल आणणं, बनवणं, पोचवणं, बिल, वसुली, टॅक्स हे सगळं एकाच माणसाच्या अंगावर असलं की धाकधूक राहणारच. ती मुळापासून जावी ही अपेक्षा सोडा. पण या साध्या धाकधुकीची रात्री तीनची धडकी होते, ती बहुतेक वेळा ठरलेल्या चार-दोन सवयींमुळे. नागपुरात इतवारीत असो की हिंगण्यात, त्याच चुका पुन्हा पुन्हा दिसतात, आणि त्या टाळता येण्यासारख्या आहेत म्हणून जास्त जीव तुटतो.

आकडा न बघणं

बँकेचं ॲप उघडायचं नाही, सीएचा मेसेज वाचायचा नाही, जीएसटीच्या पोर्टलकडे फिरकायचं नाही. न बघितल्याने त्या क्षणी हायसं वाटतं आणि नेमकं तेच नडतं. बघितलं नाही म्हणून वाचलो, असं मन शिकतं. मग पुढच्या वेळी तेच ॲप उघडताना आणखी जास्त घाम फुटतो.

इतवारीत मिठाईचे खोके बनवून देणाऱ्या एका व्यावसायिकाचं उदाहरण घ्या. माणूस एकटा, वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या बरीच खाली, रिटर्न दर महिन्याचं. एप्रिलचं थ्री-बी, म्हणजे महिन्याचा कर भरायचं जीएसटी रिटर्न, 20 मेला भरायचं होतं. कराचे 12,000 हातात नव्हते, आणि पूर्ण कर भरल्याशिवाय थ्री-बी दाखल होत नाही. 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणता म्हणता मे आणि जूनचंही, तेवढ्याच कराचं, राहिलं. पोर्टल उघडणं बंद, सीएचा फोन घेणं बंद, झोप गेली. एका मोठ्या मिठाईवाल्याकडे 85,000 अडकले होते. तो का देत नाही या विचाराने रात्री जायच्या, पण फोन करून विचारायची हिंमत होईना.

कारण सरळ होतं. मागचं थ्री-बी बाकी असलं की पुढच्या महिन्याचं आर-वन, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, भरता येत नाही. आर-वन नाही, म्हणून त्या मिठाईवाल्याला क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, दिसेना. क्रेडिट दिसेना, म्हणून त्याने पेमेंट रोखून धरलं होतं. ज्या पैशाची रात्रंदिवस काळजी, तो पैसा न उघडलेल्या पोर्टलनेच अडवला होता.

शेवटी 20 ऑगस्टला तिन्ही रिटर्न भरली. लेट फी दिवसाला 50 रुपये, पण या उलाढालीला एका रिटर्नमागे कमाल 2,000. म्हणजे 2,000, 2,000 आणि 1,550. शिवाय 18 टक्क्यांनी व्याज अंदाजे 1,090. मूळ कर सोडून भुर्दंड 6,640 रुपये. मनात मात्र दीड-दोन लाखांचा आकडा घर करून बसला होता. भीतीचा आकडा खऱ्याहून मोठाच असतो, आणि बघितल्याशिवाय तो लहान होत नाही.

उपाय एवढाच: मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी 11 वाजता, 20 मिनिटं, कागदावर. चार रकाने: तारीख, येणार, जाणार, शिल्लक. पुढच्या सहा आठवड्यांचं लिहा. गिऱ्हाईक 'दहा तारखेला देतो' म्हणालं तर 25 तारीख धरा. घरखर्चाची रक्कम 'जाणार'मध्ये ठरलेली असू द्या. चौथ्या आठवड्यात शिल्लक उणे दिसली तर हातात चार आठवडे आहेत, एवढं कळणंही निम्मं ओझं उतरवतं. 20 मिनिटं झाली की वही बंद. दिवसातून पंधरा वेळा बॅलन्स बघणं ही त्याच चुकीची दुसरी बाजू आहे. जीएसटीचा पैसा तर आल्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका, तो आपला नाहीच. ज्यांना दर महिन्याचं रिटर्न झेपत नाही त्यांनी तिमाही योजनेबद्दल सीएला विचारावं. 5 कोटींपर्यंत उलाढाल असली तर ती घेता येते, कर मात्र दरमहा भरावाच लागतो.

वसुलीचा फोन टाळणं

राहिलेले फोन एका कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे 1 ते 10 मध्ये भीती किती ते मांडा. सुरुवात 3 च्या फोनपासून करा, 9 च्या नाही. फोनआधी एका ओळीत लिहा: 'तो चिडेल, काम काढून घेईल.' फोननंतर शेजारी लिहा, खरंच काय झालं ते. दहा-बारा फोन झाले की दोन्ही रकाने शेजारी वाचा. घाईचे लोक हे लिहिणं टाळतात आणि मग 'आमच्यावर उपाय चालत नाही' म्हणतात.

बोलणं छोटं ठेवा: 'भाऊ, 18 तारखेचं बिल आहे, 45 दिवस झाले. शुक्रवारपर्यंत किती टाकता?' एवढं बोलून गप्प राहा. समोरच्याचं मौन भरून काढायला स्वतःच सूट देऊ नका. उत्पादन किंवा सेवा देणारा तुमचा सूक्ष्म-लघु उद्योग असेल तर सरकारची उद्यम (लघुउद्योग) नोंदणी करून ठेवा, ती फुकट होते. 2006 च्या लघुउद्योगांसाठीच्या (एमएसएमई) कायद्यानुसार लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे पेमेंट लांबवता येत नाही, आणि करार नसेल तर मुदत 15 दिवस. नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला हा आधार नाही, हे आधीच माहीत असावं.

दुसऱ्याची गोळी

याबद्दल राग येतो. मित्राने दिलेली किंवा ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणलेली अल्प्राझोलाम, म्हणजे घबराट दाबणारी गोळी. अर्ध्या-पाऊण तासात शांत वाटतं, म्हणून रोजची होते. मग तेवढ्याने भागत नाही, डोस वाढतो, आणि एकदम बंद केली की आधीपेक्षा जास्त घबराट, थरथर, कधी झटकेही येतात. दारूसोबत घेतली तर श्वास मंदावतो. महिनोन्महिने घेत असाल तर स्वतःहून तोडू नका, डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉलही असंच हातोहात फिरतं. दमा असलेल्याला ते धोक्याचं आहे.

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या रोजच्या गोळ्या याच्या उलट वागतात. फरक जाणवायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात अस्वस्थता थोडी वाढूही शकते. पाचव्या दिवशी 'काही फायदा नाही' म्हणून सोडणारे सगळ्यात जास्त. त्यांनी निदान फोन करून विचारावं.

बाकीच्या लहान चुका

रिकाम्या पोटी चार कप चहा. कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळी पाचनंतर चहा बंद. मे महिन्यात पारा 45 कडे गेला की नुसतं पाणी कमी पडल्यानेही छाती धडधडते. सीताबर्डीत उन्हात फिरून आल्यावर आधी ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात घ्या, धंद्याचा विचार नंतर. घबराटीत जोरजोरात खोल श्वास घेऊ नका, त्याने बोटांना मुंग्या येतात आणि भीती वाढते. चार मोजत नाकाने आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. रात्री नऊनंतर गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपला उत्तर दिलं की ती सवय त्याला तुम्हीच लावता. आणि पहाटे पाचला उठायला लावणारे व्हिडिओ बघून झोप तोडू नका. ज्याची झोप आधीच गेली आहे, त्याला आधी झोप हवी.

डॉक्टरकडे जायला उशीर

दोन आठवड्यांहून जास्त झोप बिघडली, दुकान उघडायलाच भीती वाटू लागली, किंवा दारूशिवाय संध्याकाळ जाईना, तर थांबू नका. नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स, सगळीकडे मनोविकारशास्त्राची ओपीडी आहे. मानकापूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव काढलं की लोक बिचकतात. पण तिथे ओपीडीत दाखवून, गोळ्या घेऊन लोक घरी जातात. आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं तर करा, धडधड तिथूनही येते. 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन फुकट आणि चोवीस तास आहे. जगणं नकोसं झाल्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी फोन करा आणि घरात कुणाला तरी सांगा.

छातीत दाबल्यासारखं दुखून ते हातात किंवा जबड्यात जात असेल, तर 'टेन्शनच आहे' असं स्वतः ठरवू नका, 108 लावा. ओपीडीला जाताना मागच्या सात दिवसांची झोप, चहा, दारू आणि घेतलेल्या सगळ्या गोळ्या एका कागदावर लिहून न्या. गर्दीत डॉक्टरांना वेळ कमी असतो, आणि मेडिकलवाल्याकडून आणलेली गोळी तोंडी सांगताना लोक हमखास गाळतात.