वटवाघळांच्या इम्युनिटीच्या जीन्सवर प्रोजेक्ट करताय? मग या चुका टाळा

कोविडनंतर वटवाघळांच्या जीन्सवर प्रोजेक्ट घेणारी मुलं बरीच वाढली, मला मनापासून आनंद आहे त्याचा, कारण विषयच तसा भारी आहे. पण दरवर्षी एमएस्सीचे रिपोर्ट वाचायला येतात आणि त्याच त्याच चुका दिसतात, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे "वटवाघळात हा जीन असतो" किंवा "नसतो" असं सरळ वाक्य ठोकून देणं. अरे पण कुठल्या वटवाघळात? 1400 च्या वर जाती आहेत, सस्तन प्राण्यांमधली जवळपास दर पाचवी जात वटवाघळाची, आणि 5 कोटी वर्षांपूर्वीचे त्यांचे फॉसिल सापडलेत, म्हणजे वेगवेगळं व्हायला भरपूर वेळ मिळालाय त्यांना. इंटरफेरॉनचंच बघा, म्हणजे व्हायरस आला की पेशी सोडतात ते इशाऱ्याचं प्रोटीन. ऑस्ट्रेलियातलं काळं फळवाघूळ, टेरोपस अलेक्टो, त्याच्यात इंटरफेरॉन-अल्फाचे 3 च जीन निघाले (माणसात 13 आहेत) आणि ते इन्फेक्शन नसतानाही चालू असतात, हा 2016 चा पेपर. लगेच सगळीकडे "वटवाघळात इंटरफेरॉन कमी पण कायम ऑन" असं पसरलं. मग 2018 मध्ये इजिप्तच्या फळवाघळाचा, रूसेटस इजिप्टियाकसचा, जीनोम (सगळा डीएनए) आला आणि त्यात टाइप वन इंटरफेरॉनचं (अल्फा याच गटातला) कुटुंब उलट वाढलेलं! दोन्ही फळं खाणारी, दोन्ही एकाच कुळातली, तरी ही गोष्ट. पुण्याच्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्थेला) महाबळेश्वरच्या गुहेतल्या ज्या वटवाघळांमध्ये निपाह व्हायरसचे पुरावे मिळाले, 2021 मध्ये बातम्या आल्या होत्या बघा, त्यात आपलं रूसेटस लेशेनॉल्टी होतं, आणि तेव्हा मला आलेल्या मेसेजमध्ये त्याला सर्रास ऑस्ट्रेलियातल्या टेरोपसचे गुण चिकटवलेले होते. रिपोर्टमध्ये प्रत्येक वाक्याला जातीचं नाव लावा, वाचायला जड झालं तरी चालेल.

दुसरी चूक जरा सविस्तर सांगतो, कारण इथे हुशार मुलंही फसतात. "सर्च केला, सापडला नाही, म्हणजे जीन गेला."

एका विद्यार्थिनीने एआयएम2 शोधायला घेतला. हा पेशीच्या आत भलत्या जागी आलेला डीएनए ओळखणारा सेन्सर, पायहिन नावाच्या कुटुंबातला. तिने माणसाचं अख्खं प्रोटीन टाकून ब्लास्ट केलं, म्हणजे त्याच्यासारखं काही वटवाघळात आहे का ते कॉम्प्युटरवर शोधलं. आधी भरपूर हिट्स आले, ती खूश, सगळे खोटे. कारण त्या प्रोटीनचा पुढचा तुकडा, पायरिन डोमेन, एनएलआरपी3 या दाह सुरू करणाऱ्या प्रोटीनमध्ये पण असतो आणि इतरही कितीतरी प्रोटीन्समध्ये असतो. मग मी म्हटलं फक्त मागचा हिन डोमेन टाक, तोच या कुटुंबाची खरी ओळख. टाकला, तर काहीच नाही. लगेच तिने लिहिलं "जीन नष्ट". थांब म्हटलं, शेजारी बघ आधी. माणसात हे जीन्स क्रोमोसोम 1 वर ओळीने बसलेत, एका बाजूला एसपीटीए1 आणि वास ओळखणारे काही जीन, दुसऱ्या बाजूला सीएडीएम3. वटवाघळात ते दोन्हीकडचे शेजारी सापडले का? एकाच सलग तुकड्यावर आहेत का? मधे एन-एन-एन अशी रिकामी पट्टी, म्हणजे न वाचलेला डीएनए, आहे का? तिच्या असेंब्लीत (वाचलेले तुकडे जोडून बनवलेल्या जीनोममध्ये) नेमकी तिथेच लांबलचक एनची पट्टी निघाली! म्हणजे जीन गेलाय की फक्त वाचला गेला नाहीये हे त्या असेंब्लीवरून कळणारच नव्हतं, लाँग रीडवाली (डीएनएचे लांब तुकडे वाचून जोडलेली) असेंब्ली घेऊन सगळं परत करावं लागलं.

पायहिन कुटुंब वटवाघळात खरंच गेलंय, हे मात्र पक्कं आहे. 2013 ला दोन जातींमध्ये दिसलं, 2016 ला 10 जाती तपासल्या, तर टेरोनोटस पार्नेलाय या एकाच जातीत एआयएम2 चा तुटका अवशेष उरलेला. त्यातही गंमत अशी की डीएनएवरची ती जागा वटवाघळांच्या वेगवेगळ्या शाखांमध्ये वेगवेगळी दिसते, म्हणजे जीन जाण्याचा इतिहास सगळ्यांचा एक नाही. त्यामुळे "उडायला लागले, उडताना डीएनए तुटतो, म्हणून सेन्सर काढून टाकले" ही गोष्ट कितीही आवडली तरी ती हायपोथिसिस म्हणूनच लिहा.

आणि तुलना कोणाशी करताय तेही बघा. नुसता माणूस आणि उंदीर घेऊन बसतात. वटवाघूळ म्हणजे उडणारा उंदीर नव्हे हो, त्याचे जवळचे नातेवाईक घोडा, गाय, कुत्रा या बाजूचे. ते घेतले नाहीत तर सगळ्यांमध्ये मिळून झालेला बदल तुम्ही एकट्या वटवाघळाच्या नावावर लावाल.

पॉझिटिव्ह सिलेक्शन (फायद्याचे बदल निवडले गेल्याची खूण) फार जोरात आलं तर आनंद करण्याआधी अलाइनमेंट, म्हणजे एकाखाली एक लावलेले सगळ्या जातींचे क्रम, डोळ्यांनी बघा, प्लीज. एखाद्या जातीत एक्झॉनची (जीनमधल्या प्रोटीन बनवणाऱ्या तुकड्याची) हद्द चुकीची पकडली गेली की 10-12 अमिनो आम्ल सलग वेगळी दिसतात आणि सॉफ्टवेअरला तेच सिलेक्शन वाटतं. एकाच जातीत, एकाच जागी, सलग बदल दिसले की पहिला संशय अलाइनमेंटवर.

लॅबवाल्यांसाठी एक. इंटरफेरॉन-अल्फाच्या जीन्समध्ये इंट्रॉन (एक्झॉनच्या मधले, आरएनएतून कापून टाकले जाणारे तुकडे) नसतात, त्यामुळे एक्झॉनच्या जोडावर प्रायमर (पीसीआर जिथून सुरू होते तो छोटा तुकडा) बसवायची नेहमीची युक्ती इथे चालत नाही, आरएनएमध्ये थोडा जरी डीएनए उरला तरी पीसीआरमध्ये तीच बँड येते आणि तुम्ही "कायम ऑन" लिहून मोकळे. डीएनए कापणाऱ्या डीनेसची ट्रीटमेंट करा आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न टाकलेला कंट्रोल प्रत्येक सँपलसोबत लावा. त्या कंट्रोलमध्ये बँड आली की तो रिझल्ट बाद, मन घट्ट करून बाद.

आता ते "वटवाघळांची इम्युनिटी खूप स्ट्राँग असते" हे वाक्य. जीन्स बघितले तर चित्र बरंचसं उलटं आहे. स्टिंग नावाचं प्रोटीन घ्या, डीएनए सापडल्याची वर्दी पुढे देणारं. त्यातलं 358 नंबरचं अमिनो आम्ल, सेरिन, वटवाघळांमध्ये बदललेलं आहे आणि त्यामुळे इंटरफेरॉनचा सिग्नल मंद होतो. 2018 मध्ये ते सेरिन परत बसवून बघितलं तर सिग्नल पुन्हा वाढला. मंद होतो म्हटलं, बंद नाही, हा फरक पण रिपोर्टमध्ये हरवतो. टेरोपस अलेक्टोमध्ये एनएलआरपी3 ची दाहाची प्रतिक्रियाही अशीच सौम्य आढळली. म्हणजे व्हायरसला आवर घालायचा पण स्वतःचं शरीर जाळून घ्यायचं नाही, असं काहीतरी जमलेलं आहे, आणि तेही सगळ्या रोगांसाठी नाही. रेबीजने वटवाघळं मरतात. 2006 च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी आलेली वटवाघळं पहिल्यांदा दिसली, आणि तेव्हापासून उत्तर अमेरिकेत त्या बुरशीने लाखो वटवाघळं मेली, तीच बुरशी युरोपात आहे आणि तिथली वटवाघळं तिच्यासोबत जगतायत.