थाट, भपका आणि बढाई: नेमका इंग्रजी शब्द कसा निवडावा

'लग्नाचा थाट' म्हटलं की कौतुक असतं, 'लग्नाचा भपका' म्हटलं की नाक मुरडलेलं असतं. मराठीत हा फरक आपल्याला विचार न करता कळतो. इंग्रजीत लिहायला बसलं की मात्र 'ग्रँड' आणि 'शोई' एवढेच शब्द हाताशी येतात, नाहीतर शब्दकोशातला सर्वांत लांब शब्द उचलला जातो. अर्थ साधारण बरोबर असतो, पण कौतुक करायचं तिथे टोमणा जातो.

म्हणून शब्द शोधण्याआधी तीन गोष्टी ठरवा. तुम्हाला हे आवडलंय की खटकलंय? मिरवलं जातंय ते काय: पैसा, रूप, ज्ञान, पद की नुसते शब्द? आणि जे मिरवलं जातंय ते खरोखर जवळ आहे का? शब्दकोशात पर्याय बरेच दिसतात, पण ही तीन उत्तरं हातात असली की त्यातले एकदोनच उरतात.

उदाहरणार्थ, बैठकीत एक गृहस्थ शर्टाची बाही मुद्दाम वर सारून सोन्याचं घड्याळ दिसेल असा हात टेबलावर ठेवतात. घड्याळ अस्सल आहे आणि ते लोकांनी बघावं हाच हेतू आहे, तर हे वागणं ऑस्टेन्टेशस. घड्याळांतलं ओ की ठो कळत नसताना ते त्याच्या कारागिरीवर जाणकाराचा आव आणून बोलू लागले, तर प्रिटेन्शस. स्वतःच्या पदाचं वजन टाकत प्रत्येक वाक्य निकाल सुनावल्यासारखं बोलले, तर पॉम्पस. घड्याळावर रंगीबेरंगी खड्यांची नुसती खच्चून भरती असेल तर घड्याळ गॉडी. आणि ते स्वस्तातलं, मुलामा उडालेलं असेल तर टॉड्री.

ऑस्टेन्टेशसची कसोटी सोपी आहे: बघणारं कोणी नसतं तर ही गोष्ट अशी केली असती का? उत्तर 'नाही' असेल तर शब्द बसला. त्याच्या मुळाशी 'दाखवणे' या अर्थाचं लॅटिन क्रियापद आहे, त्यामुळे पैसा असलाच पाहिजे असंही नाही. कंटाळा आलाय हे वक्त्याला कळावं म्हणून कोणी मोठ्याने जांभई दिली, तर तीही ऑस्टेन्टेशस. हा शब्द कायम नापसंतीचाच. यजमानांच्या घराचं कौतुक करायचं असेल तर तो चुकूनही वापरू नका.

श्रीमंतीचं कौतुक करायला, किंवा निदान टोमणा न मारता वर्णन करायला, तीन शब्द आहेत. ऑप्युलंट म्हणजे वास्तूत, सामानसुमानात मुरलेली श्रीमंती. लॅव्हिश म्हणजे सढळ हाताने केलेला खर्च. हे क्रियापदही आहे, त्यामुळे कोणावर स्तुतीचा वर्षाव करायचा तर 'लॅव्हिश प्रेझ ऑन' म्हणता येतं. सम्प्च्युअस म्हणजे डोळ्यांना, स्पर्शाला, जिभेला जाणवणारी किंमत, जसं जाड मखमल. ग्रँडिओसला मात्र ग्रँडचा थोरला भाऊ समजू नका. ग्रँड कौतुकाचा, तर ग्रँडिओस म्हणजे आवाक्याबाहेरचा, पोकळ भव्यपणा.

डौलाच्या बाजूला दोन शब्द फार सुंदर आहेत. पॅनॅश म्हणजे मुळात शिरस्त्राणावरचा पिसांचा तुरा. एदमाँ रोस्ताँच्या 1897 सालच्या 'सिरानो द बर्जराक' या फ्रेंच नाटकात नायकाच्या तोंडी शेवटचा शब्द हाच आहे, आणि धिटाईने, ऐटीत एखादी गोष्ट पार पाडणं हा अर्थ त्यामुळे लोकप्रिय झाला. हे नाम मोजता येत नाही. आधी 'अ' लावू नका, 'विथ पॅनॅश' म्हणा. दुसरा फ्लॅम्बॉयंट, म्हणजे फ्रेंचमध्ये ज्वाळांसारखा. फ्रान्समधल्या गॉथिक या मध्ययुगीन बांधकामशैलीच्या अखेरच्या काळातल्या चर्चच्या खिडक्यांवरची ज्वाळांसारखी वळणं या नावाने ओळखली जातात, आणि गुलमोहरालाही इंग्रजीत हेच नाव आहे. त्यामुळे रंग, हावभाव, कपडे यांसाठी हा शब्द उत्तम. नुसत्या पैशासाठी नाही. पुरुषाबद्दल वापरताना जपून: समलैंगिकतेकडे आडून बोट दाखवायला इंग्रजीत हा शब्द बराच काळ वापरला गेलाय. शिफारसपत्रात तो टाळलेलाच बरा. फ्लेअर, म्हणजे सहज साधलेली ऐट, हाही कौतुकाचा, पण स्पेलिंगमध्ये 'ए-आय-आर' हवं. 'ए-आर-ई' केलंत की भडका होतो.

भडकपणाचे शब्द एकमेकांच्या जागी घालू नका. गॉडी वस्तू महाग असू शकते, सजावट अती झाली एवढंच. गॅरिश रंग किंवा उजेड डोळ्यांवर येतो. टॉड्रीत स्वस्तपणा अटळ आहे. इंग्लंडमधल्या ईली इथे संत ऑड्रीच्या जत्रेत रेशमी लेस विकायला असे, 'सेंट ऑड्रीज लेस'चं बोलता बोलता 'टॉड्री लेस' झालं आणि पुढे स्वस्त, दिखाऊ मालाला ते नाव चिकटलं.

बढाईच्या शब्दांत व्याकरण सांभाळावं लागतं. माणूस बोस्ट करतो तेव्हा पुढे 'ऑफ' किंवा 'अबाउट' येतं आणि सूर नापसंतीचा असतो. पण कर्ता निर्जीव असेल तर तोच शब्द निर्मळ होतो: 'द टाउन बोस्ट्स टू म्युझियम्स' म्हणजे गावात अभिमान वाटावा अशी दोन संग्रहालयं आहेत. इथे 'ऑफ' लागत नाही. ब्रॅगला ही सवलत नाही, ब्रॅग नेहमी माणूसच करतो. जिंकल्यावर टेंभा मिरवणं म्हणजे क्रो, दुसऱ्याच्या फजितीवर खूश होणं म्हणजे ग्लोट. ब्रवाडोला शौर्य समजण्याची चूक फार होते. ती भीती झाकायला आणलेली मर्दुमकी असते. नम्रतेच्या आडून मारलेल्या बढाईला हम्बलब्रॅग म्हणतात, जसं 'इतके पुरस्कार मिळालेत, ठेवायचे कुठे हाच प्रश्न पडलाय.'

बॉम्बॅस्टिक फक्त भाषेसाठी आणि भाषणासाठी ठेवा. बॉम्बॅस्ट म्हणजे पूर्वी कपडे फुगवण्यासाठी आत भरायचा कापूस. वाक्य फुगलेलं आहे आणि आत काही नाही, हा अर्थ तिथून आला.

मराठी माणसाची खरी अडचण होते ती आपण रोज बोलतो त्या इंग्रजी शब्दांनी. ते ओळखीचे वाटतात म्हणून कोणी तपासत नाही. 'तो फार शो-ऑफ करतो' हे मराठीत चालतं. इंग्रजीत 'ही डज शो-ऑफ' होत नाही. 'ही शोज ऑफ' म्हणायचं, किंवा 'ही इज अ शो-ऑफ', कारण नाम म्हणून शो-ऑफ म्हणजे मिरवणारा माणूस. 'शायनिंग मारणं' तर पूर्ण आपलंच आहे. इंग्रजीत शायनिंग म्हणजे चकाकणारं, त्यात टोमणा नाही. 'हाय-फाय हॉटेल' लिहिलंत तर वाचणाऱ्याला ध्वनियंत्रणा आठवेल, कारण हाय-फाय म्हणजे अस्सल आवाज देणारं उपकरण. तिथे स्वँकी लिहा. पॉशही जपून वापरा: ब्रिटिश इंग्रजीत तो वस्तीइतकाच माणसाच्या वर्गाला आणि उच्चारांच्या ढंगाला लागतो, आणि माणसाला लावला की बऱ्याचदा बोचतो.

शब्द निवडल्यावर तो ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या विद्यार्थ्यांसाठीच्या शब्दकोशात एकदा बघा. अशा शब्दांपुढे बहुधा 'अप्रूव्हिंग' किंवा 'डिसअप्रूव्हिंग' अशी खूण असते. नुसत्या समानार्थी शब्दांच्या यादीत ती नसते, आणि बहुतेक गफलती त्या यादीवरून शब्द उचलल्यानेच होतात. एका वाक्यात असा एकच शब्द ठेवा. दोन आले की लेखनच प्रिटेन्शस वाटू लागतं.

शेवटचं बघायचं ते उच्चार आणि जुळे शब्द. फ्लॉन्ट म्हणजे मिरवणं, फ्लाउट म्हणजे नियम धाब्यावर बसवणं. 'फ्लॉन्टिंग द रूल्स' ही चूक छापील मजकुरातही सापडते. ऑस्टेन्टेशसमध्ये जोर दुसऱ्या 'टे'वर, फ्लॅम्बॉयंटमध्ये 'बॉय'वर, पॅनॅशमध्ये 'नॅश'वर. आणि सी-एच-आय-सी (म्हणजे झोकदार) वाचताना 'चिक' नव्हे, 'शीक' म्हणा.