नाकानोला गाडी तीच, कंपनी दुसरी : या चुका टाळा

घाटकोपरला मेट्रोतून उतरून लोकल पकडायची तर पूल चढा, फाटकं ओलांडा, दुसरं तिकीट काढा. एका रेल्वेतून दुसऱ्या रेल्वेत गेलो हे पायांनाच कळतं. टोकियोच्या नाकानो स्टेशनात तसलं काही होत नाही. भुयारातून धावणारी तोझाई मेट्रो इथे उजेडात येते आणि जेआरच्या (म्हणजे जपान रेल्वेच्या) चुओ मार्गाला मिळते. मेट्रोच्या काही गाड्या इथेच संपतात, काही तशाच पुढे मिताकापर्यंत जातात. मोटरमन बदलतो, कंपनी बदलते, भाड्याचा हिशेब बदलतो आणि आपण खिडकीशी बसलेलेच. १९६६ पासून ही सोय आहे आणि नवख्या माणसाचे बहुतेक घोटाळे या सोयीतूनच होतात.

सगळ्यात जास्त फसायला होतं ते किचिजोजीला. इनोकाशिरा बागेत भटकून परत शिंजुकूला जायचं असतं. स्लो गाड्यांच्या फलाटावर गाडी उभी दिसते, आपण चढतो. पण त्या एकाच फलाटावर दोन प्रकारच्या गाड्या येतात : पिवळ्या पट्ट्याची जेआरची गाडी, जी शिंजुकूला जाते, आणि आकाशी पट्ट्याची, जी नाकानोनंतर भुयारात शिरून ओचिआई, ताकादानोबाबा असं करत ओतेमाचीकडे जाते. तोझाई लाइन शिंजुकूला जातच नाही. मी स्वतः दोनदा फसलोय. दुसऱ्यांदा तर बरोबरच्या पाहुण्यांना ‘इथलं सगळं मला पाठ आहे’ असं सांगता सांगता.

नाकानोला लक्षात आलं तर उतरा आणि पिवळ्या किंवा केशरी गाडीचा (केशरी म्हणजे चुओ मार्गावरची जेआरची रॅपिड) फलाट गाठा. मध्ये फाटक नाही, जादा पैसे नाहीत. खिडकीबाहेर अंधार झाल्यावर लक्षात आलं, तर ताकादानोबाबापर्यंत बसून राहा आणि तिथे जेआरची यामानोते लाइन घ्या. शिंजुकू तिथून दुसरं स्टेशन. मेट्रोच्या तुकड्याचे पैसे मात्र द्यावे लागतात.

दुसरा घोटाळा पासाचा. पर्यटकांना मिळणारा जेआर पास खिशात आहे आणि समोरच्या गाडीवर ठळक ‘जेआर’ लिहिलंय, मग बिनधास्त बसायला काय हरकत? हरकत आहे. आकाशी पट्ट्याच्या जेआरच्या गाड्या मेट्रोच्या बोगद्यातूनही धावतात, आणि मेट्रोच्या गाड्या जेआरच्या रुळांवरून मिताकाला जातात. गाडी कोणाची याला काडीची किंमत नाही. रूळ कोणाचे ते पाहायचं. नाकानो ते मिताका मेट्रोच्या डब्यात बसलात तरी जेआर पास चालतो. नाकानो ते निशी-फुनाबाशी या तोझाईच्या पट्ट्यात जेआरच्या डब्यात बसलात तरी तो चालत नाही. मेट्रोचा २४ तासांचा पासही नाकानोपर्यंतच. त्यावर किचिजोजीला उतरलात तर फाटक उघडणार नाही. घाबरू नका, शेजारच्या ‘सेइसान’ यंत्रात किंवा खिडकीवर फरक भरा. दंड नसतो, कोणी रागावत नाही.

तोझाईच्या दुसऱ्या टोकाला, निशी-फुनाबाशीला, नेमकं उलटं आहे. तिथे जेआर आणि मेट्रोच्या मध्ये फाटक आहे, आणि लोकांना वाटतं ही बाहेर पडायची वाट. तसं नाही, सुइका किंवा पास्मो हे पैसे भरून ठेवायचं कार्ड टेकवून आत जायचंय. हे फाटक उगाच नाही. नाकानोहून निशी-फुनाबाशीला पिवळ्या गाडीनेही येता येतं आणि तोझाईनेही. चढण्याचं स्टेशन तेच, उतरण्याचंही तेच. मग कार्डाला कसं कळणार, माणूस कुठल्या वाटेने आला ते?

आता निशी-कासाईबद्दल. टोकियोतली आपली बरीच मंडळी तिथे राहतात, त्यामुळे मुलांकडे राहायला आलेले आईबाबाही याच लाइनवर असतात. ओतेमाचीहून घरी येताना ‘रॅपिड’ पकडली की संपलं. ही गाडी तोयोचोपर्यंत प्रत्येक स्टेशन घेते, अगदी साळसूदपणे, आणि मग मिनामी-सुनामाची, निशी-कासाई, कासाई सोडून थेट उरायासूला थांबते. आपली फास्ट लोकल आधीपासूनच फास्टसारखी वागते. ही शेवटी रंग दाखवते. तेव्हा तोयोचोला उतरून मागची स्लो घ्या. राहूनच गेलं तर उरायासूहून उलट्या दिशेची स्लो पकडा, निशी-कासाई दुसरं स्टेशन. स्टेशनाबाहेर पडला नाहीत तर या फेऱ्याचे पैसे लागत नाहीत. आणि सकाळी आठच्या सुमारास आईबाबांना शहराकडे पाठवू नका. २०१९ च्या सरकारी आकडेवारीत किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात गर्दी क्षमतेच्या १९९ टक्के होती.

केशरी रॅपिडचंही एक लक्षात ठेवा : शनिवार-रविवारी आणि सुटीच्या दिवशी ती कोएन्जी, आसागाया आणि निशी-ओगिकुबोला थांबत नाही.

चुओ मार्गावर काही बिघाड झाला की घोषणेत ‘चोकुत्सू उन्तेन’ आणि ‘च्यूशी’ हे शब्द ऐकू येतात. म्हणजे थेट गाड्या बंद; मेट्रो नाकानोलाच संपणार, पुढे जेआरचं जे मिळेल ते. अशा वेळी दुसऱ्या कंपनीच्या गाडीने फुकट जाऊ देण्याची सोय असते, पण ती छापील तिकीट किंवा मासिक पास असणाऱ्यांना. सुइका-पास्मोमधल्या शिलकीवर प्रवास करणाऱ्यांना ती मिळत नाही.

डब्यात छत्री राहिली तर ‘मेट्रोत विसरलो’ एवढं सांगून भागत नाही. ओतेमाचीला उतरलात, पण गाडी मिताकाची होती, तर छत्री जेआरच्या ताब्यात गेलेली असू शकते. उतरल्याची वेळ, गाडीचं शेवटचं स्टेशन आणि दहापैकी कितवा डबा, हे तीन तपशील सांगितले की खिडकीवरचा माणूस फोन उचलतो.